दोडामार्गचा हत्ती आणि लालबागची खोली

मामाचा फोन सकाळी साडेसहाला आला. आवाज बसलेला. "रात्री परत इलो रे. केळी गेली, कवाथे गेले. मांगराचो दरवाजो मोडल्यान नि मिठाचा पोता भायर ओढल्यान." कवाथा म्हणजे माडाचं कोवळं रोप, मांगर म्हणजे बागेतली सामान ठेवायची खोप. उन्हाळ्यात कळशीने पाणी घालून तीन-चार वर्षं जपलेले कवाथे एका रात्रीत गेले, की माणूस काय बोलणार?

दुपारपर्यंत मोडलेल्या मांगराचा फोटो गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर फिरला. लालबागपासून नालासोपाऱ्यापर्यंत पांगलेले आम्ही सगळे त्यावर बोलू लागलो. एकाच्या मते हत्ती पिसाळलाय. दुसऱ्याच्या मते तो सूड घेतोय. तिसऱ्याने हात जोडले: गणपतीचा जीव, मनात येईल तिथे जाणार. चौथा म्हणाला, पकडा आणि लांब कुठेतरी नेऊन सोडा.

या सगळ्यांच्या तळाशी एकच समजूत आहे, की हत्ती लहरी आहे. मामाच्या बागेत पहिल्यांदा हत्ती शिरला तेव्हापासून मी हत्तींबद्दल मिळेल ते वाचत आलोय आणि माझी खात्री झालीय की हत्तीइतकं हिशेबाने आणि आठवणीने चालणारं जनावर क्वचितच असेल. तो मांगरापर्यंत का आला, मीठच का ओढलं, रात्रीच का आला, या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे. ते मुंबईत बसून समजून घेतलं, तर गावाला गेल्यावर आपण निदान चुकीचं तरी वागणार नाही.

आधी ते आले कुठून ते सांगतो. आजोबांच्या गोष्टींत बिबट्या होता, गवा होता, रानडुक्कर होतं. हत्ती नव्हता. २००२ च्या सुमारास कर्नाटकातल्या दांडेलीच्या रानातून काही हत्ती आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात उतरले. पुढे त्यांच्या वाटा घाट चढून कोल्हापूरच्या चंदगड आणि आजऱ्यापर्यंत गेल्या. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, २०२१ मध्ये छत्तीसगडहून एक मोठा कळप आला. दोन्हीकडे गावकऱ्यांचा प्रश्न सारखाच होता: हे इथे कशाला?

याचं अर्धं उत्तर पोटात आहे. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो आणि शंभर लिटरहून जास्त पाणी पितो. खाल्लेल्यातलं निम्म्याहून कमी त्याला पचतं, बाकीचं लिदीतून बाहेर पडतं. म्हणून दिवसातले सोळा-अठरा तास त्याचं तोंड चालू असतं. एका जागी थांबला तर ते रान महिन्याभरात उघडं पडेल, तेव्हा त्याला फिरावंच लागतं. गवत केव्हा कोवळं असतं, बांबू कुठे माजलाय, उन्हाळ्यात कुठला ओहोळ आटत नाही, या सगळ्याची वर्षभराची फेरी ठरलेली असते. त्या फेरीच्या वाटेत धरण, कालवा, खाण किंवा रबराची लागवड आली, की फेरी तुटते आणि हत्ती नवी वाट शोधतो. आपण म्हणतो हत्ती गावात घुसला. हत्तीला हद्द दिसत नाही, त्याला उतार, पाणी आणि चारा दिसतो.

आता मिठाचं. झाडपाल्यात सोडियम फार थोडं असतं आणि एवढ्या मोठ्या देहाला ते भरपूर लागतं. केनियात माउंट एल्गन नावाच्या डोंगरात किटम ही गुहा आहे. तिथले हत्ती अंधारात सोंडेने चाचपडत आत जातात आणि सुळ्यांनी भिंती खरवडून तो खारट खडक खातात. आई पुढे, पिल्लू मागे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. जो जीव मिठासाठी काळोख्या गुहेत उतरतो, त्याला मांगराचं दार ते काय!

पण पोतं आत आहे हे त्याला कळलं कसं? वासाने. वास ओळखणारी जनुकं माणसात चारशेच्या आत आहेत, कुत्र्यात आठशेच्या आसपास, आणि आफ्रिकन हत्तीत जवळजवळ २,०००. थायलंडमध्ये आपल्या आशियाई हत्तींवर एक प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. झाकलेल्या दोन डब्यांत सूर्यफुलाच्या बिया, एकात कमी, एकात जास्त. हत्तींनी नुसत्या वासावरून जास्तीचा डबा निवडला. फणस पिकला, भाताच्या लोंबीत दूध भरलं, चुलीमागे गूळ ठेवला, हे सगळं त्याला दुरून कळतं.

हत्तीचं कुटुंब समजून घ्यायला मात्र आम्हा चाकरमान्यांना फार लांब जायला नको. कळप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीस-चाळीस हत्तींची रांग येते. प्रत्यक्षात कळपाचा गाभा असतो आई, तिच्या मुली, बहिणी आणि त्यांची पिल्लं. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशात हा गाभा घट्ट असतो आणि सगळ्यांत वडीलधारी मादी त्याचं नेतृत्व करते. आपल्या आशियाई हत्तिणींचं थोडं वेगळं आहे. श्रीलंकेतल्या उडा वालवे अभयारण्यात शर्मीन डिसिल्व्हा यांनी शेकडो हत्तिणींच्या नोंदी ठेवल्या. त्यांना दिसलं की आज दोघी-तिघी एकत्र चरतात, उद्या दुसऱ्याच दोघी; पण वर्षं गेली तरी ओळखीचं वर्तुळ तेच राहतं. आमचं खटलंही असंच आहे. कोणी परळला, कोणी विरारला, कोणी पुण्याला. एरवी महिनोन्‌महिने भेट नाही आणि चतुर्थीला एकाच ओटीवर तीस पानं. बाहेरच्या माणसाने मार्चमध्ये पाहिलं तर त्याला वाटेल, हे घर मोडलं. हत्तींचं पाहून लोकांना तसंच वाटत आलं.

मग लांब राहून ओळख टिकते कशी? त्याचं उत्तर मिळालं १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात. केटी पेन नावाची संशोधक आशियाई हत्तींच्या पिंजऱ्याजवळ उभी असताना तिला हवेत एक थरथर जाणवली. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. ध्वनिमुद्रण करून तपासलं तेव्हा कळलं की हत्ती सतत बोलत होते, फक्त आपल्या कानाच्या पट्टीखाली. माणसाला साधारण २० हर्ट्‌झच्या वरचा आवाज ऐकू येतो, हत्तींची ही घुमार १४ ते २४ हर्ट्‌झच्या दरम्यान असते. विसर्जनाच्या मिरवणुकीत मोठा ढोल जवळून गेला, की कानाआधी छातीत काहीतरी हलतं, खिडकीची काच थरथरते. तो खालच्या पट्टीचा आवाज. असा आवाज झाडांनी अडत नाही, काही किलोमीटर जातो. जमिनीतूनही त्याची कंपनं पसरतात आणि हत्ती ती पायांनी टिपतात. म्हणजे मामाला रात्री एकच हत्ती दिसला, तरी तो एकटा होता असं म्हणता येणार नाही. ओढ्यापलीकडच्या दुसऱ्याशी त्याचं बोलणं चालू असू शकतं.

२०२४ मध्ये तर त्याहून पुढची गोष्ट समोर आली. केनियातल्या हत्तींच्या ४६९ हाका संगणकाच्या मदतीने तपासल्या, तेव्हा दिसलं की ठरावीक हत्तीला उद्देशून केलेल्या हाकेत त्याच्यापुरता काहीतरी वेगळा अंश असतो, आणि ती हाक ऐकवल्यावर तोच हत्ती जास्त लगबगीने उत्तर देतो. आपण ज्याला नाव म्हणतो त्याच्या फार जवळचं हे काहीतरी आहे. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो.

या घरात आजीची किंमत काय असते, ते टांझानियाच्या तारंगिरे अभयारण्यातल्या १९९३ च्या दुष्काळात दिसलं. एरवी तिथे शंभरातली दोनेक पिल्लं दगावायची, त्या वर्षी वीस दगावली. ज्या कुटुंबांनी अभयारण्य सोडून दूरची वाट धरली, त्यांची पिल्लं जास्त वाचली, आणि ही कुटुंबं मुख्यतः वयस्क हत्तिणींची होती. त्याआधीचा तसा दुष्काळ पडला होता १९५८ ते १९६१ मध्ये. संशोधकांचा कयास असा, की लहानपणी तो पाहिलेल्या हत्तिणींना पाणी कुठे मिळतं हे तीस वर्षांनंतरही आठवत होतं. तरुण मादीकडे ही आठवण असूच शकत नाही. म्हातारी हत्तीण मारली, पकडली किंवा कळपापासून तोडली, की एक जनावर तर जातंच, शिवाय कळपाजवळचा सगळा नकाशा जातो.

नरांचं आयुष्य वेगळं आणि आमच्या गावात दिसतात ते बहुतेक वेळा नरच. गावाकडे आणि वर्तमानपत्रात त्यांना टस्कर म्हणतात, कारण आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरालाच येतात, आणि तेही प्रत्येकाला नाही. वयाची दहा-पंधरा वर्षं झाली की नर आईचा कळप सोडतो. पूर्वी समजूत अशी होती की त्यानंतर तो एकटा भटकतो. तसं नसतं. आणि इथे मला बाबांची खोली आठवते.

बाबा सतराव्या वर्षी मुंबईत आले ते लालबागच्या चाळीत, गावकीच्या खोलीत. एका खोलीत वीस-बावीस माणसं, सगळी एकाच गावची. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, भिंतीवर खुंटीला ट्रंका. कुठल्या गिरणीत बदली कामगार घेतात, कुठल्या मुकादमासमोर गप्प राहायचं, पगारातले किती गावी पाठवायचे, हे सगळं त्यांना खोलीतल्या म्हाताऱ्यांनी शिकवलं. बाबा नेहमी म्हणायचे, खोली नसती तर मी वाया गेलो असतो.

हत्तींनाही अशी खोली लागते. बोट्स्वानात नरांच्या टोळ्यांच्या नोंदी घेतल्या (हा अभ्यास २०२० मध्ये आला), तेव्हा नदीकडे जाताना पुढे बहुतेक वेळा वयाने मोठे नर चालताना दिसले. आपल्याकडे कर्नाटकात निशांत श्रीनिवासैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की रान तुटून शेती वाढलेल्या भागात कोवळे नर मोठ्या आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या टोळ्या करून राहतात. धोक्याच्या मुलखात एकट्याने जाण्यापेक्षा सोबतीने जाणं बरं. नव्या परिस्थितीत त्यांनी काढलेला हा नवा मार्ग आहे, आणि आपल्या डोळ्यांदेखत घडतोय.

आणि खोलीत म्हातारं माणूसच नसेल तर काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्गला दिसलं. क्रुगर अभयारण्यात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी मोठे हत्ती मारले जात. त्यातून वाचलेली अनाथ पिल्लं पिलानेसबर्गला नेऊन सोडली. ती वाढली, पण त्यांच्यावर वडीलधारा नर नव्हता. १९९२ ते १९९७ या काळात या तरुण नरांनी चाळीसहून जास्त गेंडे मारले. त्यांचा मद वयाच्या फार आधी सुरू झाला होता आणि महिनोन्‌महिने टिकत होता. १९९८ मध्ये क्रुगरमधून सहा मोठे नर आणले. मोठ्यांच्या धाकात तरुणांचा मद ओसरला आणि गेंड्यांच्या हत्या थांबल्या.

मद ही गोष्ट आपल्याला शब्दाने माहीत आहे. मदमस्त म्हणतो, माज आलाय म्हणतो, गंडस्थळातून मद गळतो असं जुन्या वर्णनांत वाचतो. ही वर्णनं शब्दशः खरी आहेत. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून चिकट, उग्र वासाचा द्राव पाझरतो, गालावर काळा ओघळ दिसतो, टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतं. मद हा आजार नाही आणि वेडही नाही. धडधाकट, पोटभर खाल्लेल्या प्रौढ नरालाच तो नीट येतो. उपाशी, अशक्त नराचा लवकर ओसरतो. मदातल्या नराला दुसरे नर वाट देतात आणि माद्या त्याला पसंत करतात.

माझ्या मते हत्ती आणि शेती यांच्या भांडणाची गुरुकिल्ली इथेच आहे. १९८८ मध्ये रामन सुकुमार आणि माधव गाडगीळ यांनी दक्षिण भारतातल्या हत्तींवरून हे मांडलं. शेतात शिरण्याचं प्रमाण प्रौढ नरांत माद्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. रानातल्या गवतापेक्षा पिकात प्रथिनं आणि क्षार जास्त. ते खाऊन नर धिप्पाड होतो, त्याचा मद जास्त टिकतो, त्याला जास्त पिल्लं होण्याची शक्यता वाढते. म्हणजे फटाके, मशाली, विजेची तार हे सगळं पत्करण्याजोगा फायदा त्याला आहे. मादीला तेवढा नाही. तिच्या पायाशी पिल्लू असतं, बावीस महिने पोटात वाढवलेलं, आणि पुढचं व्हायला चार-पाच वर्षं लागणार. ती धोका टाळते, पण रानात पुरेनासं झालं की तीही पिल्लाला घेऊन येते. रात्रीची वेळसुद्धा यातच बसते: जिथे माणूस दिवसा जागा असतो, तिथे हत्ती आपला दिवस रात्रीकडे सरकवतो.

म्हणून पकडून लांब सोडायची सूचना मला पटत नाही. श्रीलंकेत पिकांचं नुकसान करणाऱ्या बारा नरांना पकडून, गळ्यात मागोवा घेणारे पट्टे बांधून अभयारण्यांत सोडलं. २०१२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: काही परत आपल्या मुलखात आले, काही भलतीकडेच भटकत राहिले आणि नव्या गावांत नवा संघर्ष सुरू झाला. घर आठवणाऱ्या जनावराला तुम्ही ट्रकमधून कितीही लांब न्या. शिवाय त्याच्या जागी रिकामी झालेली चविष्ट बाग दुसरा नर शोधतोच.

मामाचं दुःख यामुळे कमी होत नाही, हे मला माहीत आहे. माड पाच-सात वर्षांनी धरतो. नुकसानभरपाईचा आकडा त्या वर्षांची बरोबरी करत नाही. आणि गोष्ट फक्त बागेची राहिलेली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोडामार्ग तालुक्यातल्याच मोर्ले गावात एका वयस्कर शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. त्या घरासमोर उभं राहून हत्तीच्या बुद्धीचं कौतुक सांगण्याची माझी हिंमत नाही. पण माणसं मरतात ती बहुतेक अचानक समोरासमोर आल्याने, आणि ते टाळता येतं. तामिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत एका संस्थेने हत्तींच्या ठावठिकाण्याचे संदेश मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली, मोक्याच्या जागी लांबून दिसणारे लाल दिवे बसवले. हत्ती जवळ असले की दिवा लागतो आणि कामगार त्या वाटेने जात नाहीत. हत्ती तिथेच आहेत, मळेही तिथेच आहेत, आणि हत्तींमुळे होणारे मृत्यू कमी झाले आहेत.

मुंबईहून गणपतीला जाणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन, हत्ती आल्याचं कळलं की मोबाइल घेऊन मागे धावू नका. गेल्या महिन्यात मुलीला भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेलं होतं. तिथे संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीचा तो जुना दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. मुलीने विचारलं, "बाबा, हा रागावलाय का?" दगडाचं काही सांगता आलं नाही, पण जिवंत हत्तीचं सांगितलं. निवांत हत्तीचे कान आणि शेपूट सतत हलत असतात. ते एकदम थांबले की समजायचं, त्याला तुमची चाहूल लागलीय आणि तो विचार करतोय. कान पसरून अंगावर आल्यासारखं करतो, माती उडवतो, झाड हलवतो, तेव्हा बऱ्याचदा तो सांगत असतो, मागे हो. तेवढ्यावर माणूस मागे झाला तर गोष्ट तिथेच मिटू शकते. पण मागे पन्नास जणांचा घोळका, कुत्री, बॅटऱ्या आणि आरडाओरडा असेल तर त्याला निघायला वाटच उरत नाही. घाबरलेला हत्ती हा रागावलेल्या हत्तीपेक्षा कमी धोक्याचा नसतो.

तो घाबरतो, दुःखही करतो. २०२४ मध्येच उत्तर बंगालमधल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: चहामळ्यांच्या चरांत मेलेली पाच पिल्लं मातीखाली गेलेली सापडली, पाय वर आलेले, भोवती हत्तींच्याच पावलांच्या खुणा. कळपाने ती ओढत आणून पुरली असावीत, असं नोंद करणाऱ्यांचं म्हणणं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर थोडा वेळ गप्प राहिला.

त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर मोजायचा आणि दुप्पट करायचा, की खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ बरोबर निघते. परवा संध्याकाळी त्याचा परत फोन आला. ओहोळाच्या ओल्या मातीत ठसा मिळाला होता, वनखात्याच्या माणसाला दाखवायच्या आधी त्याने स्वतः सुतळीने मोजला होता.

"साडेचार फूट भरलो. म्हंजे नऊ फुटी रे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि आयक. बाजूक दुसरो पाय आसा, बारको. मोठ्याच्या फाटोफाट गेलोहा."